सहा ते वीस

पट्टी स्वीडनातून आलेली. तिच्यावर आकडे सहा ते वीस.
सहा म्हणजे श्रम नाहीतच, वीस म्हणजे संपलं सगळं.
सहापासूनच का, असं मी पहिल्या वर्षी विचारलं होतं.
केणी सर म्हणाले, दहानं गुण, ठोके मिळतील.

नेरूळच्या लॅबमध्ये ते मिळायचेही.
मी ट्रेडमिलवर, तोंडाला मास्क, बोट सतरावर,
पडद्यावर एकशे बहात्तर.
मास्कातून बोलता येत नाही, म्हणून बोट.
एरवी तरी दमलेलं माणूस कुठे बोलतं.

आता प्रबंधासाठी हीच पट्टी मराठीत करायची
आणि न्यायची तुर्भ्याला, कांदा-बटाटा मार्केटात,
पन्नास किलोच्या गोणीखाली.
‘अतिशय हलके’, ‘किंचित कठीण’, ‘अत्यंत कठीण’
हे कमिटीनं मंजूर केलेले शब्द.
कमिटीत कुणाचीच मान आखडलेली नव्हती.

पहाटे साडेचार. धक्क्याला ट्रक लागलेला.
छातीचा पट्टा हातात देऊन मी पाठ फिरवते.
मागून हसणं:
“ताई, कमरंला बांधला तर कंबर ऱ्हाईल का हो?”

हैबती धनावडे, वय बावन्न, गाव मेढ्याच्या वर.
बारा गोण्यांनंतर मी पट्टी पुढे धरते.
ते बघतात,
चुकून शेजाऱ्याची लग्नपत्रिका हातात आल्यासारखे.
“दम लागलाय.”
म्हणजे तेरा?
“दम म्हंजे दम. धाप न्हाय अजून.”

मी लिहून घेते. आठवडाभरात वहीत इतकंच:
दम. धाप. अंग आंबलं. मान भरली.
पोटऱ्यांत गोळे, डोळ्यांपुढं काजवे,
आणि एका मापाड्याचं, ‘शीण कामावर येत न्हाय,
शीण घरी गेल्यावर येतो.’
ह्याला कुठल्या आकड्यापाशी बसवू?
पट्टीवर कोपरखैरणेपर्यंतचा रस्ताच नाही.

मग मंगळवारी ते झालं.
धनावडेकाकांचे ठोके एकशे सहासष्ट,
बोट नऊवर. अतिशय हलके.
मला वाटलं पट्टा सैल असेल. घट्ट करून घेतला.
पुन्हा नऊ.
गुरुवारी तेवढ्याच गोण्या, तेवढेच ठोके,
बोट सोळावर.

जेवण, झोप, चहा किती, तंबाखू किती,
मी प्रश्नावली पहिल्यापासून भरून घेतली.
काका सगळ्याची उत्तरं देत बसले,
शेवटी आकडा खांद्याला अडकवत म्हणाले,
“मंगळवारी सर्जेराव हुता मागं. आज नवं पोरगं हाय.
सर्जा गोणी ठिवतो. ह्यो टाकतो.”

केणी सरांनी आलेख पाहिला. रेषा चांगली आली होती,
फक्त एक ठिपका खाली, एकटाच,
वर्गाबाहेर उभा केल्यासारखा.
काढून टाक, म्हणाले,
एका माणसानं संशोधन बिघडत नाही.
त्यांचंही खरं. पुस्तकात तसंच आहे.

शुक्रवारी माझीच चाचणी होती.
यंत्रावर फरझाना. वेग वाढवण्याआधी
तिनं दर वेळी दोन बोटं माझ्या पाठीला लावली.
पडद्यावर एकशे चौऱ्याहत्तर.
मी बोट पंधरावर ठेवलं. उचललं. सतरावर ठेवलं.
खरं कुठलं, मला सांगता आलं नसतं,
आणि मास्क होता, म्हणून कुणी विचारलंही नाही.

ठिपका अजून काढलेला नाही.
तक्त्यात एक रकाना वाढवलाय: गोणी कुणी दिली.
कमिटी विचारणार, ह्याचं एकक काय.

पट्टी लॅमिनेट केलेली आहे, ते बरं झालं.
तिच्यावर मातीचे, घामाचे अंगठे,
तेरापाशी सगळ्यात दाट. एका कोपऱ्याला कांद्याचं साल.
पुसून ठेवायला हवी.
उद्या खारघरच्या खो-खोच्या मुली यायच्यात.