पोढी

ईकोवाल्याने गेटबाहेरच उतरवलं. पुढे पार्कची बस.
सात तिकिटं, त्यातलं एक अर्धं.
पपांचं आधारकार्ड शोधताना आईच्या पर्समधून
आधी सुपारी निघाली, मग गुडघ्याचा पट्टा,
मग कुठल्यातरी कुलपाची किल्ली, जे कुलूप आता आमच्याकडे नाही.

तन्वेशला बिबट्या हवा होता.
दर वळणावर विचारायचा, आता?
कंडक्टर म्हणाला, तो बघतोय तुला, तेवढं पुरे.
त्यानंतर पोरगं इतकं गप्प बसलं
की कुंदामावशीला वाटलं, बस लागली.

कान्हेरीच्या पायथ्याशी काकडी, तिखटमीठ लावून.
माकडाने ताईच्या हातातला डबाच नेला,
घावणे खाल्ले
आणि झाकण तेवढं परत टाकलं.
निशिकांतभावोजी म्हणाले, प्रामाणिक आहे.

मोठ्या लेण्यातल्या काळोखात आम्ही फोटो काढले.
सगळ्यांचे डोळे लाल आले.
बाहेर आलो, तर पपा नाहीत.

रेंज नव्हती.
आई पायरीवर उभी, हातात गुडघ्याचा पट्टा,
हरवलेल्या मुलाचा मोजा धरावा तसा.
मी वर निघालो. कातळ तापलेला,
गवत पिवळं, कारवीच्या काठ्या उभ्याच्या उभ्या,
फुलायला अजून किती वर्षं, त्यांनाच ठाऊक.

बत्तीस वर्षं पपांनी भांडुपच्या टेकडीवर चावी फिरवली.
पहाटे चारला, लोखंडी टी खांद्यावर.
वरच्या चाळीला वीस मिनिटं, खालच्या चाळीला चाळीस.
नाव कुणाला माहीत नव्हतं. चावीवाला.
शिव्याही त्याच नावाने.
रिटायर झाले आणि घरातल्या घरात
बारीक होत गेले.
नळ गळायला लागला की तेवढे उठून बसायचे.

सापडले ते एका चौकोनी तोंडाशी, ओणवे,
बाही कोपरापर्यंत भिजलेली.
म्हणाले, इकडे ये.
मला आठवत नाही, यापूर्वी कधी म्हणाले होते.

हा पाट बघ. उतार बघ, बोटभर.
जास्त दिला असता तर पाणी उडी मारून गेलं असतं,
कमी दिला असता तर शेवाळ.
डोंगरावरचं सगळं पाणी धरून आणलंय
आणि हे भरलं की खालचं, ते भरलं की त्याच्या खालचं.
चावी कुठे आहे? मी विचारलं.
तेच तर, पपा म्हणाले.
आणि असे हसले की मला दुसरीकडे बघावं लागलं.

एव्हाना सगळे धापा टाकत वर आले.
भावोजींनी पाटी वाचली मोठ्याने:
व्यापाऱ्यांनी दिलेली, भिक्षुणींनी दिलेली
पाण्याची टाकी. लेखांत त्यांना म्हणतात पोढी.
पोढी, पपा म्हणाले. जिभेवर फिरवून पुन्हा, पोढी.
मग, आणि खोदली कुणी?
भावोजींनी पाटी वरपासून पुन्हा वाचली.
नव्हतं.

माथ्यावरून झाडंच झाडं, मग एकदम इमारती,
जंगलाला कुणी कात्री लावल्यासारख्या.
मावशी आपलं घर शोधत होती, तन्वेश बिबट्या.
पपांनी घड्याळ पाहिलं.
पाच चाळीस. आता वरच्या चाळीला सोडलं असेल, म्हणाले,
त्या नव्या पोराने. उशीर करतो तो.
आईने न विचारता त्यांच्या गुडघ्याला पट्टा बांधला.
त्यांनी बांधू दिला.

येताना ईकोत ते झोपले, ओली बाही माझ्या खांद्यावर.
ती मुलुंड येईपर्यंत सुकली नाही.

पहाटे चारला जाग आली.
गॅलरीत दिवा.
पपा लादीवर तांब्याभर पाणी ओतून
ते कुठल्या बाजूला जातं
बघत उभे होते.