खोली नंबर चार, रुवी

शम्साच्या पोटावर गार जेल.
"बिंत?" ती विचारते.
मी मान हलवते. बिंत.
ती खुदकन हसते, बाहेरच्या नवऱ्याला हाक मारते.
माझी नजर आधी दाराच्या कडीकडे.
जुनी खोड.

तासगावात डॉक्टर सरळ सांगायचे नाहीत.
"पेढा" म्हणायचे, नाहीतर "जिलेबी".
मी बाहेर बाकावर, पाच वर्षांची,
जिलेबी ऐकलं की खूश.
मग आई दोन दिवस मावशीकडे राहायची.
येताना हात रिकामेच.
असं तीनदा.
त्यानंतर सर्जेराव.

तो आता सोहारला क्रेन चालवतो.
चौतिसावं सरलं.
गावी बंगला बांधला, न्हाणीत गिझर,
ड्रेसिंग टेबलावरचं प्लास्टिक अजून तसंच.
दर गुरुवारी फोन:
"अक्का, तुमच्यात कुणी नर्स असंल तर…
जातबीत न्हाई बघत मी आता."
बघते, म्हणते.
कुठं बघू?
त्याची जी असती, तिचीही आई
दोन दिवस मावशीकडे राहून आली असेल.

सकाळी शम्साकडून डबा आला.
हलवा, वर केशर, अजून कोमट.
अर्धा झाकून ठेवलाय.
उद्या सर्जेराव येईल, बोट चाटत विचारेल,
कसला गं?

मुलीचा, म्हणेन.