तळ्याभोवती चार मिनिटं

शनिवार-रविवार, दहा ते पाच. तिकीट दोन डॉलर.
तीन वर्षांखाली फुकट, म्हणून आमच्या बागेत
प्रत्येक मूल दोन वर्षं अकरा महिन्यांचं असतं.
मी विचारत नाही. बसा, म्हणतो,
हात आत, पाय आत, आइस्क्रीम शक्यतो तोंडात.

एकोणतीस वर्षं मालगाडी चालवली मी,
गहू, कोळसा, एका हिवाळ्यात नुसती गोठलेली बीटं,
फार्गोपासून थेट शिकागोपर्यंत.
आता तळ्याभोवती चार मिनिटं.
बायको म्हणते, लायल, निदान जेवायला तरी घरी येतोस.

वाटेत लागतात पाण्याच्या घसरगुंड्या,
लाकडी घोड्यांचं चक्र, त्यातल्या एकाला कान नाही
आणि सगळ्यांना तोच हवा असतो;
मग जुनी एकखोली शाळा, तिथे कॉर्नेलिया
झालरीची टोपी घालून शंभर वर्षांपूर्वीचं रागावते
आणि मुलं हौसेने रागावून घेतात.
मग डेपो.

डेपो इथला नव्हे. मूळचा मेन स्ट्रीटच्या टोकाचा.
तिथे बँक आली, तेव्हा ट्रकवर चढवून आणला.
स्टेशन प्रवासाला निघालंय,
हे बघायला अख्खं गाव लोटलं होतं.
मीही होतो. कोणी टोपी काढली नाही.
मीही नाही.

आत आता दोरी बांधलीय. पाटी सांगते:
महिलांची प्रतीक्षा खोली.
कसल्या महिला! शेगडी होती,
बेन ओस्टबी होता, त्याचे खुणेचे पत्ते होते,
आणि उणे तीसमध्ये वाळत घातलेले आमचे मोजे.
संग्रहालयाच्या बाईंना सांगितलं. त्या गोड हसल्या,
मिस्टर स्टेनबर्ग, तसा कागदोपत्री पुरावा नाही.
बरोबर आहे.
मोज्यांची नोंद कोण ठेवतं?

तीन-चाळीसला मात्र मी गाडी उभी करतो.
कुंपणाच्या मागून, पार्किंगच्या पलीकडून
मोठी जाते. आधी तळपायांना कळतं, मग कानांना.
मुलं ओरडत मोजायला लागतात.
इंजिनातला पोरगा कधी शिटी देतो, कधी देत नाही.
नाही दिली, तर त्याच्या वतीने मीच सांगतो,
पुढे वळण आहे, लक्ष तिकडे हवं.

काल एक ज्युनिपर नावाची, पुढचे दोन दात गायब,
म्हणाली, एकशे बारा.
मी म्हटलं, एकशे अकरा.
मागून तिचा बाप, जाऊ दे गं,
ते म्हणतात तर असतील.
तिने डोळे बारीक केले.
शेवटचा धरला का तुम्ही?
रिकामा होता तो. पण होता.

मी ब्रेक सोडला. बदकं बाजूला झाली.
शाळा गेली, बिनकानाचा घोडा गेला,
डेपोपाशी नियमात नसलेली
एक लांब शिटी दिली
आणि मान न वळवता म्हटलं,
होता. एकशे बारा.