सेकंड्स

स्टोकच्या या कारखान्यात माझं काम ऐकण्याचं.
भट्टीतून आलेला कप डाव्या तळव्यावर घ्यायचा
आणि टिचकी मारायची,
बाजारात माठ घेताना मारतात तशी.
खणखणीत वाजला तर पुढे.
बद्द वाजला तर फुटक्यांच्या टोपलीत.
आवाज चांगला पण अंगावर तीळभर डाग,
तर सेकंड्स: फाटकाजवळच्या दुकानात, अर्ध्या किमतीला.

मंदाकिनीची मँडी मी इथेच झाले.
त्याला अकरा वर्षं,
आणि नऊ वर्षं डाव्या भुवईच्या वर, आतल्या अंगाला
कुणीतरी खुंटी ठोकतंय.
वाकलं की जास्त. विमान उतरताना तर विचारूच नका.

चष्मा बदलला. एक दात काढला, चांगला होता तो.
चहा सोडला, परत धरला.
सर्दी साठलीय, म्हणाले. वय, म्हणाले. टेन्शन घेता का, म्हणाले.
वसूमावशीने चिपळूणहून वेखंड पाठवलं.
उगाळून लावलं, तर ग्लेनिस म्हणाली,
डक, कपाळाला माती लागलीय तुझ्या.
घरी श्रीरंग म्हणायचा, जरा पड.
'जरा पड' या दोन शब्दांवर मी निम्मा संसार काढला.

मग जानेवारीत,
बर्फ नाही, नुसता गढूळ उजेड,
मिस्टर आदेयिंकांनी पडदा माझ्याकडे वळवला.
इथे सर्जनला मिस्टरच म्हणतात, डॉक्टर म्हटलं तर मान उतरतो.
राखाडी कवटीत, कपाळामागच्या पोकळीत
पांढराशुभ्र वाटाणा.
हाड, म्हणाले. हाडावरच उगवलेलं हाड,
हस्तिदंतासारखं घट्ट. कॅन्सर नाही, बेनाइन.
परतताना बसमध्ये त्याला मराठी शब्द आठवला:
निरुपद्रवी.
नऊ वर्षांचा उपद्रव, आणि नाव हे.

त्यांच्यासमोर मला रडू आलं होतं.
त्यांना वाटलं, भीतीने. टिश्यूचा खोका सरकवला.
कसं सांगायचं,
मी इतकी वर्षं म्हणत होते ना घरात कुणीतरी आहे,
तो आज दिसला.

सहाव्या रात्री सटवाई आली असणार टाक घेऊन.
लिहिता लिहिता अडली असणार,
ही पोर कुठे जाणार, आणि त्या गावाचं स्पेलिंग काय.
टाक तिथेच टेकून राहिला.
शाई साठली.

पुढे ते म्हणाले,
दुखणं याचंच, असं छातीठोक नाही सांगता येत.
काढूनही दुखेल कदाचित.
काढायचं तर नाकावाटे आत जायचं,
बारीक ड्रिलने गाभा पोखरायचा,
टरफल उरलं की मोडून ओढून घ्यायचं.
नाहीतर वर्षाने पुन्हा फोटो.
मी विचारलं, त्या चुऱ्याचं काय करता?
ते हसले. हे कुणी विचारलं नव्हतं.

पण मला विचारायलाच हवं होतं.
आमच्या मातीत निम्मी राख हाडांची, गुरांच्या.
म्हणून तर कप एवढा पांढरा,
उजेडात धरला की पलीकडची बोटं दिसतात.
हे मी चिपळूणला कळवलेलं नाही.
पहिल्या पगारात पाठवलेल्या सहा कपांतल्या एकात
वसूमावशी रोज देवाला दूध दाखवते.
देवाची अजून तक्रार नाही.

सोमवारी ग्लेनिसने विचारलं, मग?
म्हटलं, वाटाणा सापडला.
दुपारी कुणी बघत नसताना
मी भुवईवर टिचकी मारली.
भट्टीची घरघर, पंखे, काही नीट ऐकू आलं नाही.
पुन्हा मारली.
फॉर्म अजून पर्समध्ये आहे, दोन रिकाम्या चौकोनांचा.
हातात एक कप आला, कानाखाली तीळभर डाग,
आवाज असा की ग्लेनिसनेही मान वर केली.
तो दुकानात गेला नाही.
त्यात मी माझा चहा ओतला,
वाकून,
खुंटी होतीच.