बंदीच्या आधी

शाळेच्या रजिस्टरात आमच्या वाडीची निम्मी पोरं
मार्च-एप्रिलची.
नव्या गुरुजींना वाटलं, तारखा अंदाजानं घातल्यात.
अंदाज नाही हो.
जून-जुलै होड्या वर ओढलेल्या,
मासेमारी बंद,
आणि पुरुष घरात.
माझीही दोन. मुलगा पाडव्याच्या आदल्या रात्रीचा,
मुलगी होळी पेटत होती तेव्हाची.

यंदा मे संपायच्या आत मी आचऱ्याला गेले.
सासूला सांगितलं, रेशनकार्डाला आधार जोडायचंय.

कुबल सिस्टरांनी टेबलावर एकेक मांडलं,
लिलावात मी पापलेटं मांडते तसं,
फक्त डागाची बाजू खाली न दडवता.
ही रोजची गोळी. एकवीस कामाच्या,
सात काळ्या, त्या नुसत्या लोहाच्या.
हे इंजेक्शन, तीन महिन्यांनी एक.
दंडात कातडीखाली बसवायची काडी, ती इथे मिळत नाही.
आणि पिशवीत बसवायची एक,
तांब्याची नव्हे, हार्मोनची,
वर्षानुवर्षं बिनघोर, पण खाजगीत.
किंमत ऐकून मी मनात बांगड्याच्या टोपल्या मोजल्या,
आणि मोजणं सोडून दिलं.

तो बारा-बारा दिवस ट्रॉलरवर.
तो नसताना रोज गोळी कोणासाठी खायची?
सिस्टर म्हणाल्या,
"शरीराक काय ठावक, होडी खंय हा ती?"

मग एकदम विचारलं, डोकं दुखतं का?
दुखायच्या आधी डोळ्यांपुढे काही चमकतं?
चमकतं.
जाळं वर येताना पाण्याखाली बांगडे वळतात तसं,
एका कडेला वाकडंतिकडं रुपेरी,
मग उजवं कानशील ठणकायला लागतं.
हे आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.
कोणी विचारलंच नव्हतं.
त्यांनी गोळ्यांचं पाकीट उचलून खणात टाकलं.
"ही तुझ्यासाठी नाय."

गोळ्या मला नवीन नाहीत.
दर चतुर्थीला सासू स्वतः मेडिकलमधून आणते,
तिघी सुनांना मोजून,
पाळी पुढे ढकलायला.
गणपती घरात असताना कोणी बाजूला बसू नये,
मोदक वळायला हात कमी पडू नयेत.
तेव्हा नाही म्हणत, अंगाक उष्ण पडतली.
देवासाठी आमचं रक्त आठवडाभर थांबतं.
थोरल्या जावेनं तिसऱ्यानंतर नुसतं विचारलं, रोजची आणू का,
तर दोन दिवस घरात भांडी आपटत होती.

इंजेक्शनचंही सिस्टरांनी लपवलं नाही.
पाळीचा मेळ बिघडेल, मध्येच थेंब थेंब जाईल,
पुढे कदाचित येणारच नाही.
बंद केल्यावर मूल राहायला वेळ लागतो.
मूल मला नकोच आहे. भीती वेगळी.
माझे चार दिवस
सासूच्या बोटांच्या पेरांवर पक्के आहेत.
गोळी तांदळाच्या डब्यात लपली असती.
न आलेली पाळी
कुठल्या डब्यात लपवू?

"खोटी बसशील बाजूक?"

मी विचार केला.
चार दिवस.
ओसरीच्या टोकाला, पाठ टेकून.
चूल नाही, पाणी नाही, कोलंबी सोलणं नाही.
"बसान की," म्हटलं,
आणि दोघी अशा हसलो
की बाहेरची आशाताई आत डोकावली.

सुई टोचली. चोळू नको, म्हणाल्या.
कार्डावरची पुढची तारीख
नेमकी चतुर्थीच्या आसपासची.
ते कार्ड मी गेल्या वर्षीच्या,
देवाच्या गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटात घातलं
आणि सासूच्याच औषधांच्या डब्यात ठेवलं.
तिथे ती माझं काही शोधणार नाही.

किनाऱ्यावर पहिली होडी वर घेत होते.
तो मागून खांदा लावून,
घामानं ओला, दोन महिन्यांसाठी माझा.
"झाला काय आधाराचा काम?"
"झाला."
दंड दुखत होता.
चोळला नाही.