आत्याचा मान

नाव ठेवायचा मान आत्याचा,
म्हणून रानातलं सोयाबीन तसंच टाकून
औरादहून लातूर, लातूरहून रेणापूर
दोन एसट्या बदलून आले.
पिशवीत टोपडं, वाळे, झबलं,
आणि गुरुजींनी चिठ्ठीवर काढून दिलेली
ह वरची पाच नावं :
हेमांगी, हितेश्री, हिरण्या, हृद्या.
पाचव्यावर चहा सांडला होता.

रात्री वहिनी म्हणाली,
"ताई, नाव ठरलंय. हरळी."
मला ऐकू आलं हरणी.
"हरणी नाही. हरळी. बांधावरची.
ह वरचंच तर हाय."
भाऊ भिंतीकडं तोंड करून निजला होता,
म्हणजे निजला नव्हता.

सकाळी बातमी आमच्या आधी उठली.
चुलती म्हणाली, "लेकरू हाय का तण?
दुसरी झाली की कुंदा ठेवा, रान भरलंच मग!"
सगळ्या हसल्या,
आणि कुंदामामीचा अडकित्ता
सुपारीवर तसाच थांबला.

अंगणवाडीच्या बाईंनी पेन वहीवर टेकवलं,
"घरात काय म्हणायलाव ते नको, कागदावरचं सांगा."
"तेच कागदावरचं."
पेन टेकलेलंच राहिलं. शाईचा ठिपका मोठा झाला.
किराणावाल्याला आत्तापासून लग्नाची काळजी :
"पत्रिकेत काय छापावं? चि. सौ. कां. हरळी?"
सरपंचाचं पोरगं गाडीवरूनच ओरडलं,
"काकू, फवारा आणू का?"

शेजारच्या जोशीणकाकू मात्र समजूतदार.
"अगं, दूर्वा म्हण ना. गवत तेच.
किती गोड नाव, सगळीकडं चालतंय,
देवाला वाहतात."
वहिनी लेकराचं टोपडं बांधत होती.
"वाहतेत, काकू. पर आधी तोडतेत.
एकवीस एकवीसची जुडी करून.
मला तोडायची नाही."

मग कुणी काही बोललं नाही.
शेंगदाणे भाजल्याचा वास येत होता,
कुणीतरी हलवायचं विसरलं होतं.

अकरा वर्षं दुसऱ्याच्या रानात खुरपते ही.
हरळी तिला माहीत आहे तशी कुणाला माहीत असणार?
उपटून बांधावर फेकली,
वखराला अडकून दुसऱ्याच्या रानात गेली,
चैत, वैशाख मुळ्या वर करून पडून राहिली.
एक कांडं मातीत राहिलं तरी बास.
पहिल्या लेकराचं नाव आम्ही आयुष ठरवलं होतं.
नऊ दिवस.
तेव्हाही मी अशीच पिशवी भरून ठेवली होती,
ती तशीच खुंटीला राहिली.

माझं नाव धुरपता.
लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं
वैशाली लिहिलं. चांगलंच नाव आहे,
मला कुणी विचारलं नव्हतं एवढंच.
तांदूळ शिजवून खाल्ले लोकांनी,
नाव उरलं रेशनकार्डावर.
बावीस वर्षं झाली, माहेरीसुद्धा आता
ताईच म्हणतात.

दुपारी पाळण्यावर वाकले.
बायका पाठीमागं हात उगारून तयार.
चिठ्ठी कमरेला खोचलेली, घामानं ओली.
कानाला दुधाचा, वेखंडाचा वास.
कुर्रर्र...
म्हणलं, हरळी.
आणि थापा पडायच्या आत
हळूच आणखी एक म्हणलं,
धुरपता.
ठेवू नको गं, नुसतं ऐकून ठेव.

मग थापा पडल्या. चुलतीची सगळ्यात जोरात,
पाठ चांगली हुळहुळली.
लेकरू दचकलं, रडलं नाही.

निघताना कुंदामामी फाटकापर्यंत आली.
इकडं तिकडं बघून म्हणाली,
"वैशाली, मला आता आता कळलं बघ.
कुंदा म्हणजे... लई चिवट असतंय का गं ते?"
"मामी, नांगराचा फाळ मोडतोय."
"व्हय?"
तिनं पदर खोचला नीट,
आणि माझ्या पिशवीत घुगऱ्यांची
आणखी एक मूठ टाकली.