फाउलला बाद देत नाहीत

गुरुवारी सकाळी पावणेसातला
लेनर्ड ग्राबोव्स्कीची व्हॅन दारात.
बाजूला पुसट अक्षरं : नळदुरुस्ती, चोवीस तास.
आत पाइपांचे तुकडे, आल्याच्या गोळ्या,
आणि चामड्याचा एक हातमोजा. एकच.
मला वाटलं, दुसरा हरवला असेल.
पायाशी निळी बादली.
"लाजू नका," पहिल्याच दिवशी म्हणाला,
"मीही तीच वापरलीय."

ईरीच्या सरोवरावरून येणारं बर्फ
काचेवर आपटत होतं
आणि हा माणूस मला बेसबॉल समजावत होता.
मी सांगलीची. मला क्रिकेट कळतं,
तेही नवरा रेडिओ कानाला लावून बसायचा म्हणून.
म्हटलं, तुमच्यात बॅट टाकून देऊन पळतात
ते काही मला पटत नाही.
तो इतका हसला
की सिग्नल हिरवा होऊन पुन्हा लाल झाला.

त्याचा लिम्फोमा सहा वर्षांपूर्वीचा.
बगलेत गाठ. त्याला वाटलं, रविवारी थ्रो जास्त झाले.
सगळं सांगायचा वॉशर झिजल्याचं सांगावं तसं.
एकदाच फक्त,
"केसांचं काही नाही, मिस लीनी,
पण हेल्मेट सैल व्हायला लागलं, तेव्हा..."
आणि गिअर बदलला.
मृणालिनी त्याच्या जिभेवर कधी मावलं नाही.

मग एका गुरुवारी ते सांगितलं.
दोन स्ट्राइक झालेत. तिसरा, की संपलं.
पण चेंडू बॅटला नुसता चाटून रेषेबाहेर गेला
आणि कुणी झेलला नाही,
तर बाद देत नाहीत. पुन्हा टाकायचा.
पुन्हा चाटला? पुन्हा.
"असं कितीदा?"
"कितीही.
मी काही मोठा खेळाडू नाही. जन्मात एक होमरन नाही.
पण चाटवता येतं मला.
समोरचा कंटाळेपर्यंत."

केमोच्या खुर्चीत, नळीतले थेंब बघत
मी मनात म्हणायचे, चाटला.
गेला बाहेर.
अजून उभी आहे.
कुणाला बोलले नाही. लेकाला तर नाहीच.
तो फोनवर म्हणायचा, आई, तू फायटर आहेस.
मला भाजीवाल्याशीसुद्धा कधी भांडता आलेलं नाही.

पेट्रोलच्या पैशांचं विचारलं
तर त्याने वायपर जोरात केला.
बऱ्याच वेळाने म्हणाला,
मला ओडेसा टिल्गमन न्यायची. शाळेच्या बसची ड्रायव्हर.
गाडीत चर्चची गाणी, बेसूर.
तिला कुणी न्यायचं, ते विचारायचं राहून गेलं.
ती गेली.
बादली तिची.

आता जून आहे.
अॅल्युमिनियमच्या बाकावर ऊन पोळतंय,
माझ्या डोक्यावर कोंबडीच्या पिल्लासारखी लव.
बादली माझ्या डिकीत असते; मंगळवार मी घेतलाय.
पीच स्ट्रीटवरचे एक निवृत्त मास्तर,
फार बोलतात, आणि मळमळ नाही म्हणून खोटं सांगतात.

मैदानात लेनर्ड. वय एक्कावन्न, पोट पट्ट्यावर आलेलं.
बेकरीवाल्यांची टीम चार रनांनी पुढे.
दोन स्ट्राइक.
फाउल.
फाउल.
एक मागच्या जाळीत, एक कुणाच्या तरी टपावर.
सहावा गवतातून घरंगळत आला
तो थेट माझ्या चपलेपाशी.

उचलला. वाटला होता त्याहून जड.
लाल टाके, गोधडीला घालावेत तसे जवळजवळ.
पोर्ट काढला त्या बाजूचा खांदा अजून ओढतो.
तरी त्याच हाताने फेकला.

अर्ध्यातच पडला.
कुणी हसलं नाही. तिसऱ्या बेसवरचा मुलगा
धावत पुढे आला, उचलून पँटला पुसला
आणि दिला पुढे.

लेनर्डने माझ्याकडे बघून हेल्मेटला बोट लावलं.
ते डोळ्यांवर घसरलं. वर सारलं.
परत उभा राहिला, गुडघे वाकवून.

समोर गोलंदाजाने
बाहीने कपाळ पुसलं.